रेडिओबाई आणि पाळण्यातलं बाळ

संग्रहालयात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ‘रेडिओबाई’ म्हणून जिन्यातून ओरडलं की वरच्या मजल्यावरच्या घरगुती वस्तूंच्या दालनातून ‘ओ’ यायची. हे नाव ज्या कुणी ठेवलं त्याची पाठ थोपटायला हवी, कारण सकाळी दालनाचं दार उघडताना बाई ज्या सुरू व्हायच्या त्या संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत थांबायचं नाव नाही. घरी त्यांचा नवरा, एका कानाने बहिरा झालेला निवृत्त बसचालक, जेवताना नेमका तोच कान बायकोकडे करून बसायचा. सासूसासऱ्यांचा संसार टिकला तो त्या कानामुळे, असं सून म्हणायची.

बाईंचं काम मात्र गप्प बसण्याचं होतं. दाराशी स्टुलावर बसायचं, कुणी दोरीच्या आत हात घातला की ‘हात लावू नका’ म्हणायचं आणि बाकी तोंड मिटून ठेवायचं. जुन्या साहेबांचा तसा हुकूमच होता. पाहुण्यांशी गप्पा मारल्या म्हणून बाईंना एक मेमो मिळाला, मग दुसरा मिळाला. दुसरा मेमो का मिळाला हेही त्या पाहुण्यांना रंगवून सांगायच्या, आता बोला.

यात सगळा दोष बाईंचाच होता असंही नाही. संग्रहालयासमोर रस्ता ओलांडला की मोठं इस्पितळ आहे. तिथे बसायला जागा नाही, पंखे फिरत नाहीत आणि स्वच्छतागृहासमोर कायम रांग. त्यामुळे पेशंटची माणसं इकडे यायची. तिकीट स्वस्त, आत गारवा, आणि कुणी उठवत नाही. जुने साहेब त्यांना फुकटे म्हणायचे. ही माणसं वस्तू बघायची नाहीत. हातात औषधांच्या चिठ्ठ्या धरून कुठल्यातरी कपाटासमोर उभी राहायची आणि त्यांची नजर काचेच्या पलीकडे कुठेच पोचायची नाही. अशा माणसासमोर गप्प बसणं बाईंना जमायचं नाही. त्यांचं तोंड आपोआप चालू व्हायचं.

बोलायचं तर वस्तूबद्दलच बोलायला हवं. पण पाट्यांवर काय असायचं? ‘इस्त्री. लोखंडी.’ ‘पाळणा. लाकडी. देणगी.’ एवढ्यावर कुणाचं मन रमणार? म्हणून बाई पदरचं घालायच्या. ती इस्त्री एका विधवेने चालवून तीन मुलं शिकवली. त्या लंगड्या टेबलावर दोन भावांनी आयुष्यभर भांडून शेवटी समेट केला. समोरचा माणूस बघून बाई गोष्ट बेतायच्या, शिंप्याने माप घ्यावं तसं. आपण थापा मारतो असं त्यांना कधी वाटलं नाही. वस्तू बिचारी बोलत नाही, तर तिच्या वतीने कुणीतरी बोललं इतकंच.

अशीच एक दिवस ती मुलगी आली. मुलगी म्हणजे लग्न झालेलीच, पण वय कोवळं. पायात घरातल्या सपाता, मनगटावर इस्पितळाची कागदी पट्टी, चेहरा पार उतरलेला. खिडकीजवळच्या पाळण्यासमोर येऊन थांबली आणि आवाज न करता रडायला लागली. बाईंनी पट्टी पाहिली, पाळणा पाहिला आणि मनाशी ठरवून टाकलं की हिचं बाळ नाजूक असणार, काचेच्या पेटीत ठेवलं असणार. अशा आया त्यांनी खूप पाहिल्या होत्या. झालं, बाई स्टुलावरून उठल्या.

“रडू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “या पाळण्यातलं बाळ माहीत आहे? एवढंसं होतं, तळहातावर मावेल एवढं. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण आईने पाळणा हलवायचा सोडला नाही. जगलं बघ ते! चांगलं म्हातारं झालं. नातवाला घेऊन इथे आलं होतं, मी पाहिलंय या डोळ्यांनी. या लाकडावर असा हात ठेवून उभं होतं.”

मुलगी रडायची थांबली.  “जगलं?” तिने विचारलं. “जगलं,” बाईंनी ठणकावून सांगितलं. ती मान हलवून निघून गेली आणि बाईंना त्या दिवशी भाकरतुकडा गोड लागला.

पुढच्या महिन्यात ती परत आली. मग त्याच्या पुढच्या. येणार ती गुरुवारीच, दुपारची, म्हणून बाईंनी तिचं नाव गुरुवारवाली ठेवलं. ती बाईंना मावशी म्हणायची. पाळण्यापाशी थोडा वेळ थांबायची, हवापाण्याचं बोलायची आणि जायची. अशी वर्षं गेली, तिच्या केसांत एखादी चंदेरी तार दिसायला लागली. एवढ्या काळात इतकं बोलणाऱ्या बाईंनी तिला एक गोष्ट मात्र कधी विचारली नाही. ती म्हणजे, तुझं बाळ कसं आहे. सोबत आणत नाही म्हणजे शाळेत असेल, असं त्या स्वतःला सांगायच्या. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटायची.

मग संग्रहालयात नव्या मॅडम आल्या आणि सगळंच उलटं झालं. मॅडमनी पहिल्याच सभेत सांगितलं की संग्रहालय वस्तूंसाठी नसतं, माणसांसाठी असतं. ज्याला इथे यायला संकोच वाटतो, त्याच्यासाठी तर ते आधी असतं. पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार झाला. दालनांत पाठीची बाकं आली. पाट्या बसून वाचता येतील इतक्या खाली आल्या, अक्षरं मोठी झाली. इस्पितळाच्या माणसांना तिकीट माफ झालं. ज्यांना हात लावलेला चालेल अशा वस्तूंच्या दोऱ्या सोडून टाकल्या आणि पहारेकऱ्यांना पहारेकरी म्हणायचं बंद झालं. त्यांच्या छातीवर एकेक बिल्ला लागला, ‘मला विचारा’. खालच्या दाराशी जो पहारेकरी उभा असायचा त्याला सगळे खांब म्हणत, कारण त्याच्या तोंडून दिवसात चार शब्द निघायचे नाहीत. तो बिल्ला हातात घेऊन घामाघूम झाला. “आणि कुणी खरंच विचारलं तर?” असं तो बाईंना विचारत होता.

बाईंना तर काहीच कळेना. ज्या तोंडाने मेमो मिळवून दिले त्याच तोंडाचं आता कौतुक! हात लावू नका म्हणून घसा कोरडा केला आणि आता म्हणतात, लावा. मॅडम चांगल्या होत्या, प्रेमाने बोलायच्या, पण नेमकं हवंय काय यांना? बाई गप्प बसल्या की मॅडम म्हणायच्या, बोला ना. बोलल्या की मॅडम लिहून घ्यायच्या. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर बाईंना पहिल्यांदाच बोलताना अडखळायला झालं.

एका दुपारी मॅडम दालनातल्या नव्या बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. लोक इथे काय विचारतात, तुम्ही त्यांना काय सांगता, असं विचारलं. बाईंनी इस्त्रीची विधवा सांगितली, टेबलाचे भाऊ सांगितले आणि बोलण्याच्या ओघात पाळण्यातलं बाळही सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

“बाई, हेच तर पाटीवर जायला हवं,” त्या म्हणाल्या. “ते गृहस्थ कधी आले होते? त्यांचा काही पत्ता लागेल?”

“असतील की कुठेतरी,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

मॅडम हात धुऊन मागे लागल्या. ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या त्या घरच्या माणसांना चहाला बोलवायचं, त्यांच्या तोंडून वस्तूंची हकिकत ऐकायची, असा त्यांनी बेत केला. बाईंचा जीव टांगणीला लागला. एक मन म्हणायचं, कोण येतंय एवढ्या जुन्या देणग्यांचं. दुसरं म्हणायचं, कोण जाणे, खरंच असेल असं एखादं बाळ, माझ्या तोंडून नकळत खरं निघालं असेल. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की ती आपणच रचली की कुणाकडून ऐकली याचाच त्यांना आता पत्ता लागेना.

चहाच्या दिवशी एक काठी टेकत आलेली म्हातारी वर चढली, पाळणा पाहिला आणि खळखळून हसली. “अगं बाई, हा अजून आहे? आमच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं. हा पुढच्या काचेत नमुना म्हणून ठेवलेला. लोकांनी हा बघायचा आणि असा दुसरा करून घ्यायचा. आम्हा बहिणींना बाहुली निजवायची म्हटलं तरी वडील ओरडायचे. दुकान बंद झालं तेव्हा उचलून इकडे दिला. एक पोर निजलं नाही हो यात.”

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर खोलीत बोलावून मॅडम ओरडतील अशी बाईंची तयारी होती. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेमो कसा घ्यायचा हे बाईंना माहीत होतं. प्रेमाने विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं हे माहीत नव्हतं.

“का सांगितलंत असं?” मॅडमनी विचारलं.

बाईंनी मग गुरुवारवालीचं सगळं सांगितलं. मनगटावरची पट्टी, सपाता, आणि ‘जगलं?’ असं तिने विचारलं होतं ते. 

“पाटीवर खरं लिहावंच लागेल,” मॅडम म्हणाल्या. “लोकांना फसवायचं नाही, एवढा तरी मान आपण त्यांना द्यायला हवा. पाटी बुधवारी लागते आहे.”

“आणि गुरुवारी ती आली तर?”

“मला नाही माहीत, बाई.”

आजवर कुठल्या साहेबाने ‘मला माहीत नाही’ असं बाईंना म्हटलं नव्हतं. त्या जास्तच घाबरल्या.

त्या रात्री जेवताना बाईंनी घरात विषय काढला. सुनेने भाजी वाढता वाढता निकाल देऊन टाकला. “खोटं ते खोटं, आई. सांगून मोकळ्या व्हा. पाटी वाचून कळलं तर तिला किती लागेल?” हे बाईंना पटलं. तेवढ्यात सुनेला काहीतरी आठवलं आणि तिचा हात थांबला. “म्हणजे आई, लग्न ठरवताना तुम्ही सांगितलं होतंत की यांना लहानपणी पोहण्यात बक्षिसं मिळाली, ते?” मुलाने ताटात मान घातली. त्याला गुडघाभर पाण्याची भीती वाटते हे आता लपण्यासारखं नव्हतं.

“तो विषय वेगळा,” बाई म्हणाल्या. पण वेगळा कसा, हे त्यांना सांगता येईना.

नवऱ्याने आज नेमका चांगला कान इकडे केला होता. “गप्प राहा,” तो म्हणाला. “तिला तुझ्या बोलण्याने आधार मिळाला ना? मग काढून कशाला घेतेस? त्या दिवशी सुट्टी टाक.” हेही बाईंना पटलं. दोन्ही पटलं आणि दोन्हींनी डोकं भणभणलं. सांगावं तर आपण तिच्याजवळचं काहीतरी हिसकावून घेतोय, न सांगावं तर एक मोठ्या अक्षरांची पाटी आपल्याआधी तिला सांगणार. दया कशाला म्हणायची तेच त्यांना कळेनासं झालं होतं.

सुट्टी त्यांनी टाकली नाही. गुरुवारी सकाळी दालन उघडलं तर पाळण्याची दोरी गेलेली, शेजारी बाक आणि बाकासमोर नवी पाटी. मॅडमना ज्या अक्षरांचा अभिमान होता ती अक्षरं दारातूनच वाचता येत होती. ‘हा पाळणा दुकानाच्या काचेत नमुना म्हणून ठेवलेला होता. यात कधीही कुठलं बाळ निजलं नाही.’ बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खांद्यावरची शाल काढून पाटीवर टाकली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि लाजही वाटली. अशी शाल टाकून किती गुरुवार झाकणार होत्या? तरी त्यांनी ती उचलली नाही.

दुपारी गुरुवारवाली आली. तिने नवी बाकं पाहिली, दोरी गेलेली पाहिली. “बरं केलंय,” ती म्हणाली. “मावशी, ही शाल तुमची ना? पडेल बघा.” आणि ती शालीला हात घालायला वाकली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “आधी बस. मला सांगायचंय.”

ती बसली. बाईही बसल्या. एवढी वर्षं त्या एकमेकींसमोर उभ्याच राहिल्या होत्या, बसून बोलण्याची ही पहिलीच वेळ.  ज्या तोंडाला शब्द कधी कमी पडले नाहीत तिथे आज एक वाक्य जुळेना.

“ते बाळ नव्हतंच गं,” त्या एकदाच्या म्हणून गेल्या. “म्हातारा कुणी आला नव्हता. मी रचलं सगळं. तू रडत होतीस, मला बघवेना. हा पाळणा दुकानातला आहे, नमुन्याचा. कुणी निजलं नाही यात. मला माफ कर. नको करूस हवं तर.”

 गुरुवारवालीने शाल उचलली, पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली. शाल घडी करून बाईंच्या मांडीवर ठेवली.

“मावशी, त्या दिवशी माझं बाळ सकाळीच गेलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटलं असेल आजारी आहे. तसं नव्हतं. मी इकडे आले कारण तिकडे दुसऱ्यांची बाळं रडत होती.”

बाईंनी तोंडावर हात धरला. म्हणजे बाळ गमावलेल्या आईला त्यांनी ‘जगलं बघ ते’ असं ठणकावून सांगितलं होतं. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मग परत का आलीस गं? माझं तोंडसुद्धा बघायला नको होतं तुला.”

“काय माहीत.” ती पाळण्याकडे बघत होती. “त्या बाळाला बघायला यायचे. कुणाचं तरी जगलं, असं वाटायचं. आणि खरं सांगू? कित्येकदा राग यायचा त्याचा. हेच का जगलं, माझ्यापेक्षा ह्याच्या आईने असं काय वेगळं केलं, पाळणाच हलवला ना नुसता? घरी जाऊन स्वतःचीच लाज वाटायची. मेल्या म्हाताऱ्यावर काय जळायचं! आणि पुढच्या महिन्यात परत यायचे.” तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. “मावशी, इतकी वर्षं मी नसलेल्या बाळावर जळत होते?”

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. आपण चांगलं केलं होतं की वाईट, आता खरं सांगितलं ते बरं झालं की नाही, कशाचाच उलगडा होईना. गुरुवारवालीलाही तो होत नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुरुवारवालीने हात पुढे केला आणि पाळण्याची कड धरली. थोडा हलवला. लाकूड करकरलं नाही, झोके सरळ गेले. कडेवरून बोटं फिरवत तिने एक टोक तपासलं, दुसरं तपासलं.

“नवाच आहे की हा,” ती म्हणाली. “कुठे घासलेला नाही. माझाही असाच आहे. घरी, माळ्यावर. ह्यांनी किती वेळा म्हटलं देऊन टाकू, मी देऊ दिला नाही.”

एरवी बाईंनी लगेच काहीतरी सांगितलं असतं. माळ्यावरच्या पाळण्यांच्या दहा गोष्टी त्यांच्या जिभेवर तयार होत्या. त्यांनी त्या गिळल्या. मांडीवरच्या शालीची घडी उगाच उलगडली, परत घातली.

“कसं होतं गं तुझं बाळ?” त्यांनी विचारलं.

गुरुवारवालीने त्यांच्याकडे पाहिलं. पाळणा अजून थोडा हलत होता. तिने तो हाताने थांबवला आणि बाकावर नीट सरकून बसली.

“मुलगी होती,” ती म्हणाली. “केस इतके दाट, की नर्स म्हणाली, आईने आधीच विंचरून पाठवलंय वाटतं. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”